भाकड गाईचा हिशेब कोणाच्या माथी?

गाय ही माता आहे, असे उठता-बसता सांगणाऱ्यांना आम्ही एकच प्रश्न विचारतो. ती आटल्यावर जाते कुठे?

गाय पंधरा-वीस वर्षे सहज जगू शकते. पण दुधाच्या धंद्यात ती काही वेतेच टिकते. दूध आटले तरी चारा-पाणी सुटत नाही. जर्शी-होलस्टीन संकरित गाईच्या गोऱ्ह्याचे तर जन्मतःच ओझे होते. ट्रॅक्टर आल्यावर त्याला औताला जुंपणार कोण? मग दावे सुटते आणि जनावर बाजारात जाते. शेतकरी क्रूर असतो, असे आम्ही म्हणत नाही. पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवणाराही तोच असतो. मार्विन हॅरिस या मानववंशशास्त्रज्ञाने केरळातल्या त्रिवेंद्रम जिल्ह्यात पाहिले, की आपण जनावराचे आयुष्य कधीच कमी करत नाही असे शेतकरी ठामपणे सांगत. प्रत्यक्षात एक वर्षाच्या आतल्या १०० कालवडींमागे गोऱ्हे होते फक्त ६७. गोऱ्ह्यांना दूध कमी मिळत होते. श्रद्धा एकीकडे आणि हिशेब दुसरीकडे, असे हे जुने दुखणे आहे.

श्रद्धा आणि हिशेब इतकी वर्षे एकत्र नांदले कसे? आमचे उत्तर आहे : जातीमुळे. शेवटचे काम दुसऱ्यावर सोपवले होते. जिवंत भाकड जनावर दलालामार्फत खाटकाकडे, कुरेशीकडे जाई. मेलेले ढोर महाराने ओढायचे, कातडे ढोर-चांभाराने कमवायचे. दूध मालकाचे, पुण्यही मालकाचे, विटाळ मात्र आमच्या वाट्याला. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ गोमांसाच्या प्रश्नाशी जोडले, ते उगाच नव्हे. त्याआधी १९२७ साली महाडला त्यांनी मृत मांस सोडा, असे बजावले होते. आपल्या लोकांनी ढोरे ओढणे सोडले, तेव्हा अनेक गावांनी बहिष्कार घातला. मेलेल्या गाईला हात लावायला तिची लेकरे तयार नव्हती!

आता कायद्याकडे पाहू. १९५८ साली मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाईंच्या कत्तलीवरची पूर्ण बंदी मान्य केली. मात्र निरुपयोगी बैलांवर सरसकट बंदी वाजवी नाही, कारण चारा अपुरा आहे, असेही म्हटले. महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्याने गाय वाचवली आणि बैलासाठी दाखल्याची वाट ठेवली. २००५ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने जुने मत बदलले. शेण-मूत्रामुळे म्हातारे जनावरही उपयोगीच असते, असा युक्तिवाद स्वीकारला गेला. २०१५ साली महाराष्ट्रात बैलाची ती वाटही बंद झाली.

म्हणजे जनावर किती जगावे हे सरकारने ठरवले, पण त्याच्या म्हातारपणाचा चारा कोण घालणार हे ठरवले नाही. तो भार दोन-तीन गाई सांभाळणाऱ्या कोरडवाहू बहुजन शेतकऱ्यावर पडला. जनावर गाडीत चढवणाऱ्या कुरेशीच्या वाट्याला मार आणि खटले आले. आणि २०१६ साली उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या दलित भावांच्या पाठीवर काठ्या पडल्या. त्यानंतर गुजरातेत मेलेली जनावरे सरकारी कचेरीसमोर आणून टाकली गेली. आम्हाला तो निव्वळ निषेध वाटत नाही. इतिहासातला तो थकलेला हिशेब होता. २०२५ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी थांबवली, तेव्हा हा गाडा कोणाच्या खांद्यावर चालत होता हे शेतकऱ्यालाही कळले.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. शेतकऱ्याला शत्रू समजू नका, आणि गाईवर दातही धरू नका. तिच्या दीर्घायुष्याची चिंता खरी असेल, तर ती करणाऱ्यांनी स्वतः तिचे शेण काढावे, तिला चारा घालावा आणि ती मेल्यावर खड्डाही खणावा. तेवढी तयारी नसेल, तर ती करुणा नाही. दुसऱ्याच्या पाठीवर लादलेले ते पुण्य आहे. बुद्धाने सांगितलेल्या करुणेत जनावर येते, तसे ते ओढणारा माणूसही येतो.