कर्कपेशींचा श्वास आणि वारबुर्गचें अनुमान

शास्त्राच्या इतिहासांत कांहीं सिद्धान्त असे आढळतात, कीं ते टिकले नाहींत तरी त्यांच्या पोटीं सत्याचा मोठा अंश होता. ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाची कर्करोगाविषयींची उपपत्ति त्यांपैकींच एक होय.

निरोगी पेशी प्राणवायूच्या साह्यानें ग्लुकोजचें पूर्ण ज्वलन करते. प्राणवायु अपुरा पडल्यास ती ग्लुकोज अर्धवट फोडून लॅक्टिक आम्ल बनविते. पण त्यांतून शक्ति फार थोडी मिळते. प्राणवायु मिळतांच यीस्टची आंबविण्याची क्रिया मंदावते, हें पाश्चरनें १८६१ सालीं दाखविलें होतें. कर्कपेशी हा नियम पाळीत नाहींत, असें वारबुर्गला बर्लिनमधील डालेम येथील प्रयोगशाळेंत १९२३ च्या सुमारास दिसून आलें. गांठींचे पातळ काप बंद पात्रांत ठेवून त्यानें वायूच्या दाबांतील फरक मोजला. प्राणवायु भरपूर असतांहि त्या पेशी लॅक्टिक आम्ल बनवीतच होत्या!

निरीक्षण अचूक होतें. अनुमान मात्र त्याच्या पुढें धांवलें. पेशीचें श्वसन कायमचें बिघडतें व त्यामुळेंच कर्करोग उद्भवतो, असें त्यानें ठरविलें. १९५६ सालीं तें पुनः ठासून मांडलें, आणि १९७० मध्यें मृत्यु येईपर्यंत सोडलें नाहीं. परंतु बहुतेक कर्कपेशींचें श्वसन चालूच असतें, हें पुढें सिद्ध झालें. जनुकांतील बिघाडामुळें त्या अधाशीपणें ग्लुकोज ओढून घेतात व त्यांतून नव्या पेशींची सामग्रीहि उभारतात. धुरावरून अग्नि ओळखावा हें योग्यच. पण धूर हेंच अग्नीचें कारण कसें मानावें?

हा वाद केवळ पंडितांपुरता असता, तर आम्हीं लेखणी उचलली नसती. वारबुर्गला १९३१ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें तें श्वसनांतील एका विकराच्या शोधाबद्दल. कर्करोगाचें कारण शोधल्याबद्दल नव्हे. तरीहि त्याचें नांव पुढें करून प्राणवायूचे नाना उपचार विकणारे आजहि आढळतात, आणि भाबड्या आशेपायीं एखाद्या घरांत शस्त्रक्रियेची वेळ टळून जाते. ही हानि भरून येणारी नसते.

उलट, त्याच्या खऱ्या निरीक्षणाचें चीज इस्पितळांतच झालें आहे. किरणोत्सारी केलेला ग्लुकोजसदृश पदार्थ शिरेंतून देऊन पेट तपासणींत गांठीचा ठाव घेतात, तो कर्कपेशींच्या याच अधाशीपणामुळें. थोरांच्या नांवापेक्षां त्यांनीं केलेलें मोजमाप अधिक विश्वासार्ह असतें, एवढा विवेक वाचकांनीं बाळगावा, हीच आमची विनंति.