गहूं कीं जंतु? — एका बालरोगाचा इतिहास

रोगाचें खरें कारण सांपडलें म्हणजे पूर्वीं सुचविलेलीं कारणें अडगळींत टाकावयाचीं, हा वैद्यकाचा परिपाठच आहे. परंतु अडगळींतलें सामान कधीं कधीं पुन्हां उजेडांत आणावें लागतें. लहान मुलांच्या सीलिअक रोगाचा इतिहास या दृष्टीनें आम्हांस मोठा मनोरंजक वाटतो; आणि ज्या घरांतील मूल पोळी खाऊन वाळत जातें, त्या घरास तो नुसता मनोरंजक वाटणार नाहीं.

या रोगाचें नांव 'पोट' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलें आहे. मुलांतील रोगाचें स्वच्छ चित्र प्रथम रेखाटलें तें लंडनच्या सॅम्युएल गी यांनीं, १८८८ सालीं. फुगलेलें पोट, काड्यांसारखे हातपाय, फिकट व दुर्गंधीयुक्त शौच. एक ते पांच वर्षांच्या मुलांत त्यांस हा विकार विशेष आढळला. मूल बरें होणार असेल तर तें आहारानेंच, असें त्यांचें मत होतें. पण कोणता आहार? त्यांच्या एका रोग्यास हॉलंडचे उत्तम शिंपले रोज खाऊं घालतां तो झपाट्यानें सुधारला, हंगाम सरतांच पुन्हां ढासळला, आणि पुढील हंगामांत तर शिंपल्यांस तोंडच लावीना! त्याच्या आईबापांची त्या वेळची दशा काय झाली असेल, हें ज्यांनीं हट्टी रोगी मुलास भरविलें आहे त्यांस सांगावयास नको.

पुढें वीस वर्षांनीं, १९०८ सालीं, न्यूयॉर्कचे ख्रिश्चन हर्टर यांनीं या विषयावर एक पुस्तक लिहिलें. तो काळ जंतुशास्त्राच्या ऐन उमेदीचा होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत हेन्री टिसिए यांस अंगावर पिणाऱ्या अर्भकांच्या शौचांत दुफाटी आकाराचे 'बिफिडस' जंतु सांपडून दहा वर्षेंहि लोटलीं नव्हतीं; आणि त्याच संस्थेंतील मेचनिकॉफ आंबलेल्या दुधांतील जंतूंच्या बळावर वार्धक्य लांबविण्याच्या गोष्टी बोलत होते. हर्टर यांनीं आपल्या रोग्यांचें शौच तपासलें. मूल मोठें झालें म्हणजे तान्हेपणचे जंतु मागें पडावयाचे, पण या मुलांत ते ठाण मांडून बसलेले त्यांस दिसले. त्यावरून त्यांनीं निर्णय दिला कीं, हे जंतुच मुलाची वाढ खुंटवितात. बिचारा बिफिडस आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहिला, आणि रोगास गी व हर्टर यांचें जोडनांव पडलें.

१९२४ सालीं न्यूयॉर्कच्याच सिडने हास यांनीं केळ्यांचा आहार पुढें केला. पाव, बिस्किटें, बटाटे, धान्यें सारें वर्ज्य. केळीं मात्र भरपूर. मुलें सुधारत आणि श्रेय केळ्यांस मिळे. केळ्यांनीं ताटांतून कशाला हुसकून लावलें होतें, हा प्रश्न कोणी विचारला नाहीं.

तो विचारला हेगचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनीं. गहूं बंद करून पाहण्याचे त्यांचे प्रयोग महायुद्धापूर्वींच सुरू झाले होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत हॉलंडांत भयंकर दुष्काळ पडला, ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढण्याची पाळी लोकांवर आली. आणि सारा देश उपाशी असतां हीं मुलें मात्र अंग धरूं लागलीं! पाव पुन्हां मिळूं लागतांच तीं पूर्वपदावर गेलीं. १९५० सालीं डिके यांचा प्रबंध सिद्ध झाला, व लवकरच गव्हांतील ग्लूटेन नांवाचा चिकट भाग दोषी ठरला. राय व जव यांतहि तसेंच द्रव्य असतें. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांत तें नाहीं. म्हणजे आमच्याकडील साधी भाकरी अशा मुलास पथ्याचीच, मात्र तिचें पीठ गव्हामागून त्याच गिरणींत दळलेलें नसावें.

खटला येथेंच संपला असता. परंतु युरोपांत या रोगाला अनुकूल अशी आनुवंशिक ठेवण सुमारें तिघांत एकाच्या अंगीं असते. गहूं सर्वच खातात. आणि रोग होतो तो शंभरांत सुमारें एकास. उरलेले कसे सुटतात? स्वीडनमध्यें १९८४ च्या सुमारास दोन वर्षांखालील मुलांत हा रोग एकाएकीं कित्येक पटींनीं वाढला आणि १९९६ नंतर तसाच ओसरला. तान्ह्यांस ग्लूटेन देण्याची पद्धत मध्यंतरीं बदलली होती, हें त्याचें एक कारण समजलें जातें. पण तेथील संशोधकांस रोगी मुलांच्या लहान आतड्याच्या अस्तरास चिकटलेले काडीच्या आकाराचे जंतुहि दिसले. हर्टर यांचा प्रश्न पुन्हां दारांत उभा राहिला. गंमत ही कीं, अनेक पाहण्यांत (सर्वांत नव्हे) या मुलांच्या आतड्यांत बिफिडस-कुळांतील जंतु कमीच आढळले. हर्टर यांनीं ज्यास गुन्हेगार म्हटलें, तोच आज भुकटीच्या रूपानें प्रोबायोटिक म्हणून मुलांस देऊन पाहतात.

या प्रयोगांत रक्तांतील दाहाच्या खुणा कांहीं ठिकाणीं उतरल्या आहेत. परंतु अशी भुकटी घेऊन कोणा मुलास पोळी खातां येऊं लागली, असें घडलेलें नाहीं. ग्लूटेन आजन्म वर्ज्य करणें हाच आजहि एकमेव उपाय आहे. आणि भुकटीची डबी घरीं आणणाऱ्या आईनें ती उघडण्याआधीं एवढें जाणावें कीं, अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१५ सालीं बाजारांतील २२ प्रोबायोटिक औषधें तपासलीं, तेव्हां त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांत ग्लूटेनच सांपडलें.