परवाना आणि पियानो

सीमाभागातल्या आपल्या घरांत मराठी नाट्यसंगीताचे आणि धारवाड-हुबळीकडच्या गायकीचे संस्कार एकाच वेळी होतात. घराणे, तालीम, मैफल, बुजुर्ग हे शब्द आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाने घडवलेल्या जॅझ संगीतातही हे सारे आहे, फक्त नावे निराळी आहेत. आधुनिक जॅझचा मोठा पियानोवादक थेलोनियस मंक याच्या चरित्रात मी त्याच वाटेने शिरलो आणि एका जागी थबकलो. ती जागा मैफलीची नव्हती, पोलीस खात्याच्या कचेरीची होती. या माणसाच्या आयुष्यातली ऐन उमेदीची सहा वर्षे एका छोट्याशा परवान्याने गिळली. ती कशी, हे सांगण्यासाठी हा लेख.

मंकचा जन्म १० ऑक्टोबर १९१७ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या रॉकी माउंट या गावी झाला. १९२२ साली त्याची आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली आणि मॅनहॅटनमधल्या सॅन हुआन हिल नावाच्या वस्तीत तिने बिऱ्हाड केले. मंक लहानपणीच पियानोला चिकटला. शाळा अर्धवट सोडून तो एका धर्मप्रचारक बाईच्या ताफ्याबरोबर वाजवत गावोगाव हिंडला. परत आला तेव्हा पोटासाठी वाजवणे हाच त्याचा धंदा ठरून गेला होता.

१९४०च्या सुमारास हार्लेममध्ये ‘मिंटन्स प्लेहाउस’ या क्लबात त्याला नेमणुकीचा पियानोवादक म्हणून काम मिळाले. शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदांतले वादक आपापली नोकरी आटोपून रात्री उशिरा तिथे जमत आणि स्वतःच्या मनाचे वाजवत. ड्रमवर केनी क्लार्क असे, डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर येऊन बसत. तोवर जॅझ हे मुख्यतः नाचण्याचे संगीत होते. या रात्रींतून ते कान देऊन ऐकण्याचे संगीत होत गेले. त्या नव्या शैलीला ‘बीबॉप’ म्हणतात. तिच्या स्वररचनेचा पाया घालणाऱ्यांत मंक अग्रभागी होता. तिथेच बड पॉवेल नावाचा सात वर्षांनी लहान असलेला एक विलक्षण पियानोवादक त्याच्या पंखाखाली आला. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

मंकचे वादन कसे होते? आपल्या पेटीवर जी मर्यादा आहे तीच पियानोवर आहे. दोन पट्ट्यांमधला स्वर काढता येत नाही, मींड घेता येत नाही. मंक शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबी आणि लगेच त्यांतली एक सोडून देई. मधला स्वर ऐकू आल्याचा भास होई. बाकीचे वादक सपाट ताना घेत धावत असताना हा मध्येच थांबे, मोकळी जागा सोडी आणि अपेक्षा नसलेल्या मात्रेवर एकच स्वर ठोकी. त्याची बोटे वळत नाहीत, त्याला वाजवता येत नाही, असे म्हणणारे समीक्षक त्या काळी कमी नव्हते.

१९४७ साली ‘ब्लू नोट’ या कंपनीने त्याच्या स्वतःच्या नावावर पहिल्या ध्वनिमुद्रिका काढल्या. तेव्हा तो तिशीत होता. मुद्रिका फारशा खपल्या नाहीत. ‘राउंड मिडनाइट’ ही त्याची चाल मात्र आधीच, १९४४ साली, कूटी विल्यम्सच्या वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केली होती. जॅझमधली ही एक सर्वांत लोकप्रिय रचना. पण तिच्या श्रेयात विल्यम्सचे आणि गीतकाराचेही नाव लागले, आणि मानधनात कायमचे वाटेकरी आले.

आता त्या परवान्याकडे येऊ. न्यूयॉर्कमध्ये १९४० ते १९६७ या काळात असा नियम होता, की जिथे दारू विकली जाते अशा ठिकाणी वाजवणाऱ्या, गाणाऱ्या, इतकेच काय वाढणाऱ्या माणसानेही पोलिसांकडून ‘कॅबरे कार्ड’ घ्यावे. त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागत. हातून गुन्हा घडला, की कार्ड जाई. जॅझ बहुतेक अशाच क्लबांत वाजत असल्यामुळे कार्ड गेले म्हणजे चूल विझली. थोर गायिका बिली हॉलिडे हिचे कार्ड १९४७ साली असेच गेले आणि पुन्हा मिळाले नाही.

ऑगस्ट १९५१ मध्ये मंक आणि बड पॉवेल एका उभ्या मोटारीत बसलेले असताना पोलिसांनी झडती घेतली. मादक द्रव्य सापडले. ते पॉवेलचे होते, असे मानले जाते. पॉवेलला त्याआधी १९४५ मध्ये पोलिसांचा बेदम मार बसला होता आणि मनोरुग्णालयाच्या वाऱ्या घडल्या होत्या. त्याच्याविरुद्ध साक्ष दिली असती तर मंक सुटू शकला असता. त्याने तोंड उघडले नाही. त्याला तुरुंगवास घडला आणि कार्ड जप्त झाले. घरी पत्नी नेली आणि दोन वर्षांचाही न झालेला मुलगा होता.

पुढची सहा वर्षे जॅझच्या राजधानीत राहून मंकला तिथल्या क्लबांत वाजवता येत नव्हते. नेलीने नोकऱ्या करून संसार रेटला. १९५३ मध्ये मुलगी झाली. मंक अधूनमधून परगावी वाजवून येई, कुणी बोलावले तर ध्वनिमुद्रण करी आणि उरलेला वेळ घरच्या पियानोपाशी नव्या रचना बांधी. १९५५ मध्ये ‘रिव्हरसाइड’ कंपनीने त्याला आधीच्या कंपनीकडून सोडवून घेतले. त्यासाठी भरावी लागलेली रक्कम होती अवघी शंभरेक डॉलर! बाजारात त्याची किंमत तेवढीच होती. पुढच्याच वर्षी त्याने ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. ती इतकी अवघड होती, की सोनी रॉलिन्स आणि मॅक्स रोच यांच्यासारखे वादक असूनही पंचवीस प्रयत्नांत ती एकदाही सलग पुरी झाली नाही. शेवटी तुकडे जोडून ती तयार करावी लागली. आज ती त्याच्या उत्तम कामांत गणली जाते. लोकांना आवडेल असे सोपे काही करावे, अशी गरज ज्या माणसाला सर्वांत जास्त होती, त्याने त्या दिवसांत हे केले.

१९५७ च्या उन्हाळ्याआधी नेली आजारी पडून रुग्णालयात होती. मंकने तिच्यासाठी ‘क्रेपस्क्यूल विथ नेली’ रचले. क्रेपस्क्यूल म्हणजे संधिप्रकाश. उत्स्फूर्त विस्तार हा जॅझचा प्राण, पण ही एक रचना तो बांधल्याबरहुकूम वाजवी, तिच्यावर विस्तार करीत नसे. त्याच वर्षी हॅरी कोलोम्बी हा पेशाने शिक्षक असलेला व्यवस्थापक आणि पॅनोनिका ही रॉथशील्ड घराण्यातली चाहती यांच्या खटपटीने कार्ड परत मिळाले. ‘फाइव्ह स्पॉट’ या लहानशा क्लबात मंक महिनोन्महिने वाजवू लागला. साथीला सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन होता. माइल्स डेव्हिसच्या संचातून सुटलेला, व्यसनातून नुकताच सावरलेला कोल्ट्रेन मंकच्या घरी जाऊन एकेक रचना समजावून घेई. याला तालीम नाही तर काय म्हणावे?

२९ नोव्हेंबर १९५७ रोजी हे दोघे कार्नेगी हॉलमध्ये वाजले. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने तो कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला. याच केंद्रावरचा विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम भारतातही शॉर्टवेव्हवर ऐकला जात असे. त्या संध्याकाळच्या फिती मात्र विस्मरणात गेल्या. २००५ मध्ये त्या वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात सापडल्या आणि तब्बल ४८ वर्षांनी ते वादन जगाने ऐकले.

सुखाचे दिवस मात्र सलग लाभले नाहीत. ऑक्टोबर १९५८ मध्ये डेलावेअर राज्यात मंक पाणी पिण्यासाठी एका मोटेलवर उतरला. तिथे वाद होऊन पोलीस आले आणि त्यांनी त्याच्या हातांवर फटके मारले. पियानोवादकाच्या हातांवर! न्यूयॉर्कचे कार्ड पुन्हा गेले आणि १९६० मध्ये परत मिळाले. २८ फेब्रुवारी १९६४ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र झळकले. आपले वादन त्याने बदलले नव्हते. ऐकणाऱ्यांचे कान बदलले होते. १९६७ मध्ये कार्डाचा नियमच रद्द झाला.

पुढे मानसिक आजाराने त्याला हळूहळू घेरले. १९७६ नंतर तो जाहीरपणे वाजला नाही. पॅनोनिकाच्या न्यूजर्सीतल्या घरी त्याचे अखेरचे दिवस गेले. घरात पियानो होता, पण तो त्याला क्वचितच हात लावी. १७ फेब्रुवारी १९८२ रोजी तो वारला. २००६ मध्ये त्याला मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला. त्याच्या रचना सत्तरच्या आसपास, पण जगभरचे जॅझ वादक आजही त्या वाजवतात.

आपल्यासारख्या लोकांना कागदाचे महत्त्व सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहणाऱ्यांनाही कचेरीतला एक शिक्का अचानक परके करू शकतो. म्हणूनच या चरित्रातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. मंकने १९४७ साली ‘इन वॉक्ड बड’ नावाची रचना केली होती. ‘बड आत आला’ असा तिचा अर्थ, आणि हा बड म्हणजे पॉवेलच. त्यानंतर ती मोटार, ती झडती, तो तुरुंग आणि ती सहा वर्षे आली. १९५८ मध्ये ‘फाइव्ह स्पॉट’च्या त्याच मंचावर मंकने ही रचना वाजवली. पॉवेल १९६६ मध्ये वारला. १९६८ च्या ‘अंडरग्राउंड’ या मुद्रिकेत मंकने ती पुन्हा एकदा घेतली.