दारापासून खाटेपर्यंत : हातांच्या स्वच्छतेचा इतिहास

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील प्रसूतिगृहाचे १८४०च्या दशकात दोन विभाग होते, पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी आणि दुसऱ्यात सुईणी शिक्षण घेत. १८४६ साली पहिल्या विभागात सुमारे ११ टक्के बाळंतिणी दगावल्या, तर दुसऱ्यात हे प्रमाण ३ टक्क्यांहून कमी होते. तेथील हंगेरियन वैद्य इग्नाझ सेमेलवाइस याचे सहकारी याकोब कोलेच्का मार्च १८४७ मध्ये शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून मरण पावले, आणि त्यांच्या शरीरातील विकृती सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतरच्या प्राणघातक तापाने, मेलेल्या स्त्रियांतील विकृतींसारख्याच असल्याचे सेमेलवाइसच्या ध्यानात आले. शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येणारे हातच शवांतील विष वाहून नेतात, असे अनुमान काढून त्याने मे महिन्यापासून क्लोरिनयुक्त द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण जुलैमध्ये सव्वा टक्क्याच्या आसपास आले.

इतिहासलेखन बहुधा येथेच थांबते, परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील घटना अतिदक्षता विभागाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. गर्भाशयाच्या स्रवणाऱ्या कर्करोगाची एक स्त्री रांगेतील पहिल्या खाटेवर होती, डॉक्टर व विद्यार्थी तपासणीची सुरुवात तिच्यापासून करीत आणि पुढच्या खाटांकडे जाताना केवळ साबणाने हात धूत. तिच्याबरोबर प्रसूत झालेल्या १२ स्त्रियांपैकी ११ मरण पावल्या. कक्षात शिरताना एकदा हात धुणे पुरत नाही, जिवंत रुग्णाकडूनही संसर्ग होतो आणि म्हणून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी हात निर्जंतुक केले पाहिजेत, हा नियम या ११ मृत्यूंतून निघाला, आणि तो आजही जसाच्या तसा लागू आहे. जंतूंचे ज्ञान तेव्हा नसल्याने कारणमीमांसा अपुरी राहिली, वरिष्ठांचा विरोध मावळला नाही, आणि १८६५ साली सेमेलवाइस एका मनोरुग्णालयात मरण पावला.

पुढे शल्यवैद्य लिस्टर यांच्या जंतुनाशक कार्बोलिक आम्लाने शस्त्रक्रियागृह बदलले. अतिदक्षता विभाग मात्र बराच नंतर आला: १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली, रुग्णांच्या श्वासनलिकेला छिद्र पाडण्यात आले, विद्यार्थ्यांनी त्यातून पाळीपाळीने हाताने पिशवी दाबत त्यांना श्वास पुरवला, आणि या अनुभवातून भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी पुढच्याच वर्षी तेथे अतिदक्षता विभाग उभारला. ज्या नळ्या व शिरेतील कॅथेटर रुग्णाला जगवतात, त्याच त्वचेचा अडसर ओलांडून जंतूंना आत जाण्याची वाट देतात, त्यामुळे या विभागात परिचारिकेच्या प्रत्येक स्पर्शाला वेगळेच वजन येते.

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पित्ते यांच्या पथकाने १९९४ साली कर्मचाऱ्यांच्या सवयींचे निरीक्षण केले, तेव्हा हात स्वच्छ करणे आवश्यक असलेल्या प्रसंगांपैकी सरासरी ४८ टक्के वेळा, आणि अतिदक्षता विभागात केवळ ३६ टक्के वेळा, ते केले जात असल्याचे आढळले. जेथे धोका सर्वाधिक तेथेच पालन सर्वांत कमी, याचा दोष परिचारिकांच्या निष्काळजीपणावर टाकणे सोपे होते, पण पित्ते यांनी तसे केले नाही: बेसिनपर्यंत जाऊन साबणाने नीट हात धुण्यास मिनिटभर तरी लागते, आणि तासाभरात असे अनेक प्रसंग येत असतील, तर नियम पाळणे वेळेच्या हिशेबातच बसत नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून अल्कोहोलयुक्त द्रावणाच्या बाटल्या थेट खाटेजवळ ठेवण्यात आल्या, कारण ते चोळण्यास २० ते ३० सेकंद पुरतात. १९९७ अखेरपर्यंत पालनाचे प्रमाण ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १९९८ पर्यंत १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर उतरले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत इथेनॉल, ग्लिसरॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांपासून असे द्रावण रुग्णालयातच बनवण्याची कृती दिली. त्यामुळे महागड्या तयार उत्पादनांवर अवलंबून राहण्याची गरज गरीब देशांतील रुग्णालयांना उरली नाही. मात्र क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या जंतूंचे कवचबद्ध बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, त्यामुळे अशा रुग्णांच्या बाबतीत, तसेच हात उघडपणे मळलेले असताना, साबण आणि वाहते पाणी यांनाच आजही पर्याय नाही.