पाटे, बुश आणि आमचा दोडामार्ग

गाडीच्या मागच्या पाट्यांची, म्हणजे लीफ स्प्रिंगची, आमच्या भागातली कथा रामघाटापासून सांगावी लागते, कारण तिथे पाटेच नव्हते. वेंगुर्ला बंदर ते बेळगाव माल या घाटातून बैलांच्या पाठीवर जायचा. चढण इतकी उभी की आंबोलीचा रस्ता झाल्यावर गाड्यांनी ती नवी वाट धरली. पाटे आमच्याकडे खऱ्या अर्थाने आले ते मोटारीबरोबर.

मी गॅरेजात हात काळे करायला लागलो तेव्हा दोडामार्ग सावंतवाडी तालुक्यातच होता. वेगळा तालुका 1999 सालचा. हद्दीपलीकडे डिचोलीच्या खाणींचे ट्रक, अलीकडे तिलारी धरणाच्या कामावरचे डंपर आणि जुन्या विलीज जीपी. पाटा गाडीला जोडणाऱ्या शॅकलची पिन ज्यात बसते ती नळी म्हणजे बुश. जीपच्या शॅकलला आट्यांचे लोखंडी बुश असत, ट्रकला गनमेटलचे. निपलमधून ग्रीस मारलं की पिन आत मोकळी फिरायची. त्यामुळे पिनचा नट गाडी जॅकवर असताना आवळा नाहीतर खाली उतरवून, काही बिघडत नसे.

अँबेसिडर, फियाट आणि पुढे मारुतीची ओम्नी आल्या, त्यांच्या पाट्यांना रबरी बुश. (रबराच्या बागा आता आमच्याच तालुक्यात आहेत, पण हे रबर बाहेरून डबीत बंद होऊन येतं.) रबर ग्रीस मागत नाही, पण पिनसारखं फिरतही नाही. चाकं लोंबत असताना बोल्ट आवळला, तर बुश त्याच स्थितीत जखडतो. गाडी खाली आली की पिळलेल्या ओल्या कपड्यासारखा ताण घेऊन बसतो. खड्ड्यागणिक ताण वाढतो, रबर फाटतं, मागून कटकट सुरू होते, आणि मिस्त्री पुन्हा नवा बुश घालतो. जुन्या हातांना हे पटायला वेळ लागला. त्यांची सवय चुकीची नव्हती, ग्रीसच्या जमान्यात ती बरोबरच होती.

म्हणून आमच्याकडे उमेदवाराला पहिला धडा हाच: ‘गाडी खाली ठेव आदी, मगे आवळ.’ त्याआधी पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं अॅक्सलच्या भोकात बसलंय का ते बघायचं. ते बसलं नाही तर अॅक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. पाटे अॅक्सलला बांधणारा यू-बोल्ट एकदा ताणला गेला की जुना परत वापरू नये, नवाच घालावा. एका बाजूच्या दोन यू-बोल्टांचे चारही नट आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. काही दिवस गाडी चालली की पुन्हा पाना लावायचा, कारण नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि नट ढिले पडतात.

मारुती 800 ने 1986 च्या मॉडेलात मागचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवल्या. तेव्हा अनेकांना वाटलं, पाट्यांचा धंदा बसला. तसं झालं नाही. ओम्नी 2019 पर्यंत पाट्यांवरच निघत होती, बोलेरोचे मागचे पाटे अजून आहेत. आणि तुटलेला पाटा भंगारातही जात नाही. लोहार तो नेतो. त्या पोलादाचा कोयता बांबूवर आणि झाडीवर चालतो, तसा बाजारातला पत्र्याचा चालत नाही.

कॉइलच्या गाडीतही मागच्या आर्मना रबरी बुश आहेतच, तेव्हा नियम तोच. गाडीचं मागचं काम करून घेणाऱ्यांनी एवढंच करावं: ताबा घेण्याआधी मिस्त्रीला विचारा, शेवटचा पाना चाकं जमिनीवर असताना लावला का? नसेल लावला तर त्याच्यासमोर उभे राहून लावून घ्या.