बर्फावरचे चाक

नवी जीप घरी आली की दोन-चार महिन्यांत तिचे टायर बदलायचे, हा शौक आता आपल्याकडेही रुळला आहे. कंपनीने दिलेले टायर उतरवून त्यांहून मोठे, खोल खाचांचे टायर चढवले की गाडी उंच दिसते, रुबाबदार दिसते. हा शौक कुठून आला याचा माग काढताना मी अमेरिकेतल्या गॅरेजपाशी थांबेन असे वाटले होते. प्रत्यक्षात हा माग सहारात गेला, आइसलँडला गेला आणि दक्षिण ध्रुवावर संपला. त्या शोधातून एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्यांनी गरजेपोटी चाके मोठी केली, त्यांना उंची किंवा रुबाब मिळवायचा नव्हता. त्यांना टायरातली हवा कमी करायची होती.

सुरुवात १९०८ पासून करू. अर्नेस्ट शॅकल्टन यांनी त्या वर्षी अॅरल-जॉन्स्टन बनावटीची मोटार अंटार्क्टिकाला उतरवली. गोठलेल्या समुद्राच्या कडक पृष्ठभागावर ती धावली, पण भुसभुशीत हिमात तिची अरुंद चाके रुतून बसली. पुढे रॉबर्ट स्कॉट यांनी चाकांचा नादच सोडला आणि पट्ट्यांवर चालणाऱ्या मोटार-घसरगाड्या नेल्या. एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोचले, तेव्हा त्या ट्रॅक्टरांच्या चाकांवरही पट्टे चढवलेले होते. हिमावर कुत्रे चालतात, पट्टे चालतात, चाक चालत नाही, असे अर्धशतकाच्या अनुभवाने जणू ठरूनच गेले होते.

या समजुतीला एक भव्य आव्हान मधल्या काळात देऊन झाले होते. १९३९ मध्ये शिकागोत थॉमस पोल्टर यांच्या आराखड्यानुसार ‘स्नो क्रूझर’ नावाचे अजस्र वाहन तयार झाले. लांबी सुमारे १७ मीटर, वजन ३० टनांहून अधिक, आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि प्रयोगांची सोय, माथ्यावर छोटे विमान. त्याच्या चार चाकांना गुडइयरचे टायर होते. प्रत्येकाचा व्यास १० फूट. एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला तर त्याचे डोके जेमतेम वरच्या कडेपर्यंत पोचावे, एवढे हे चाक.

जानेवारी १९४० मध्ये ते अंटार्क्टिकावर उतरले आणि बर्फात धसले. गुळगुळीत टायर जागच्या जागी फिरत राहिले. जादा आणलेली दोन चाके पुढच्या चाकांना जोडून पाहिली, मागच्या चाकांना साखळ्या बांधून पाहिल्या. शेवटी असे आढळले की गाडी उलटी चालवली तर त्यातल्या त्यात बरी जाते. तिचा सर्वांत लांबचा प्रवास सुमारे १४८ किलोमीटरांचा, आणि तो सगळा रिव्हर्समध्ये झाला! पुढे ती तिथेच सोडून देण्यात आली.

१० फुटी चाक का हरले, हे समजायला थोडे गणित लागते. टायरातली हवा जेवढी घट्ट, तेवढी जमिनीला टेकणारी त्याची जागा लहान. दोन टनी गाडीच्या एका चाकावर साधारण ५०० किलो भार येतो. टायरात ३० पौंड हवा असेल तर हा भार सुमारे २४० चौरस सेंटिमीटर जागेवर पेलला जातो, म्हणजे दोन पोस्टकार्डांएवढ्या जागेवर. हवा ३ पौंडांवर आणली की तीच जागा हिशोबाने दहापट होते. वर्तमानपत्राच्या मोठ्या पानाहूनही काहीशी अधिक. टायराच्या भिंतींचा ताठरपणा थोडा भार उचलतो, त्यामुळे हा आकडा ढोबळ आहे. पण एवढ्या पसरलेल्या चाकाचा हिमावरचा दाब चालत्या माणसाच्या पावलाइतकाच उरतो. आपल्या पाणंदीतही हेच दिसते. चिखलात लोखंडी धावेचे चाक चाकोरी कापत खाली जाते, उसाची टायरगाडी त्यामानाने वर राहते.

मात्र लहान टायरातली हवा एवढी उतरवली तर रिम जमिनीला लागते आणि टायर चिरतो. मोठ्या टायरात रिम आणि जमीन यांच्यामध्ये रबराची उंची असते, म्हणून तो बसका होऊनही गाडी पेलू शकतो. मोठ्या टायराचे खरे काम हे आहे. स्नो क्रूझरचे टायर प्रचंड होते, पण त्यांवरचे ओझे त्याहून प्रचंड होते.

हा धडा त्याच काळात वाळूत गिरवला जात होता. ब्रिटिश सैन्यातले अधिकारी राल्फ बॅगनॉल्ड १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटांत फोर्ड मोटारी घेऊन हिंडत होते. रुतलेल्या चाकाखाली पोलादी पन्हळी सारायच्या, रेडिएटरची वाफ थंड करून पाणी परत मिळवायचे आणि मऊ वाळू आली की टायरातली हवा सोडायची, अशी त्यांची रीत. १९४० मध्ये त्यांनी कैरोत ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभारला. पुढे भारतीय घोडदळांच्या पलटणींतून निवडलेले एक स्क्वाड्रनही त्याच्या जोडीला आले. १९४१ मध्ये या दलाला चारही चाकांना जोर असलेले फोर्ड ट्रक मिळाले. ते पेट्रोल फार पीत, म्हणून १९४२ मध्ये दल पुन्हा दोनच चाकांना जोर असलेल्या शेव्हरोले ट्रकांकडे वळले. त्यांना १६ इंची रिमवर साडेदहा इंच रुंदीचे वाळूचे टायर होते. त्या काळच्या जीपच्या १६ इंची रिमवर सहा इंचीच असत. ज्याला आज आपण ‘फोर बाय फोर’ म्हणून मिरवतो, त्याच्यावाचून या माणसांनी सहारा पालथा घातला.

आइसलँडमध्ये जीप आली ती याच युद्धात, परक्या सैन्यांबरोबर. युद्धानंतर ती शेतकऱ्यांच्या हाती गेली. देशाच्या मध्यभागी निर्मनुष्य पठार, पूल नसलेल्या नद्या आणि सुमारे आठ हजार चौरस किलोमीटरांची वात्नायोकुल हिमनदी. वादळात हरवलेल्यांना शोधायला तिथे स्वयंसेवकांची बचाव पथके जातात. अशा मुलखात १९८०च्या दशकात ३८ आणि पुढे ४४ इंची टायर जीपला बसू लागले, आणि हिमावर त्यांतली हवा दोन-तीन पौंडांपर्यंत उतरवली जाऊ लागली.

यासाठी गाडी जवळजवळ नव्याने बांधावी लागते. ३१ इंची टायरच्या जागी ४४ इंची आला की जमिनीवर पोचणारा जोर सुमारे तीस टक्क्यांनी घटतो; म्हणून क्राउन-पिनियन बदलून गिअरचे प्रमाण सुधारावे लागते. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ८५ने धावत असते. मडगार्ड कापावे लागतात, ब्रेक आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो, कमी हवेत टायरची कडा रिमवरून निसटू नये म्हणून ती जखडावी लागते. आइसलँडच्या कायद्याने या बदलांना बंदी केली नाही. बदललेल्या गाडीची वेगळी तपासणी ठेवली. १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘आर्क्टिक ट्रक्स’ने या कारागिरीचा उद्योग केला. त्यांच्या ‘एटी४४’ या नावातला आकडा टायरच्या व्यासाचाच आहे.

आता पुन्हा दक्षिण ध्रुव. नोव्हेंबर २०१० मध्ये गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ भारतीयांचे पथक ‘मैत्री’ तळावरून निघाले आणि २२ तारखेला ध्रुवावर पोचले. भारताची ही दक्षिण ध्रुवावरची पहिली वैज्ञानिक मोहीम, आणि तिची वाहने होती आर्क्टिक ट्रक्सच्या चार गाड्या. शॅकल्टन यांची मोटार हिमात रुतली, त्याच खंडावर शतकानंतर चाकांनी ध्रुव गाठला.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले की, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. शौकिनांना हे जाचक वाटते. पण गिअर, ब्रेक, स्पीडोमीटर जसेच्या तसे ठेवून फक्त टायर वाढवला, तर गाडी थांबायला लागणारे अंतर वाढते आणि काटा खोटा वेग सांगतो. त्याची किंमत रस्त्यावरच्या पादचाऱ्यालाही मोजावी लागू शकते. आइसलँडने मोठ्या टायराबरोबर बाकीची गाडीही बदलली आणि तपासली. आपण टायर उचलला, ही शिस्त मागे ठेवली. आणि डांबरी रस्त्यावर तो ३० पौंड हवेने टम्म फुगवून फिरवला, की ज्यासाठी तो मोठा झाला, ते कामही त्याच्याकडून काढून घेतले जाते.