मुद्गलाची जोडी आणि सॉफ्टबॉलची पिचर

समुद्रपूर भागात सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींचे वडील मला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, पोरीच्या हातात जोर याले पाहिजे, कोनतं सामान घेऊ जी?" पोरगी पिचर असते, म्हणजे चेंडू टाकणारी. नागपूरच्या दुकानात चकचकीत लोखंडी डंबेल्स दिसतात आणि कापसाच्या चुकाऱ्यातून ती घ्यावीत असं बापाच्या मनात येतं. माझं उत्तर जरा लांबून येतं, दीड-दोनशे वर्षांमागून.

आपल्या तालमीत जोर-बैठकांच्या जोडीला मुद्गल असायचे. बुडाशी जाड, मुठीशी निमुळता असा हा लाकडी सोटा खांद्यामागून, डोक्यावरून गोल फिरवायचा. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेनं तो पाहिला आणि आपल्या कवायतीत घेतला. १८३४ साली लंडनमध्ये निघालेल्या डोनाल्ड वॉकरच्या व्यायामाच्या पुस्तकात तो 'इंडियन क्लब' या नावानं आला. १८६६ साली न्यूयॉर्कच्या सिम केहोनं त्यावर स्वतंत्र पुस्तकच काढलं. हा गृहस्थ मुद्गल बनवून विकायचाही! पुढं बेसबॉलचं साहित्य विकणाऱ्या स्पाल्डिंग कंपनीच्या मालातही मुद्गल दिसू लागले. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तर मुद्गल फिरवण्याची स्पर्धा होती. १९३२ चा विजेता जॉर्ज रॉथ त्या मंदीच्या काळात बेकार होता.

आपल्या प्रश्नाशी संबंध आहे तो त्या काळच्या बोस्टनमधल्या वादाचा. डॉ. जॉर्ज विंडशिप म्हणायचे, जितकं जड उचलाल तितकं आरोग्य. डॉ. डायो लुईस यांचं मत नेमकं उलटं. १८६२ सालच्या पुस्तकात त्यांनी पुरुषांबरोबर बायका-मुलांसाठीही हलकी लाकडी डंबेल्स आणि मुद्गल सुचवले. आपल्या शाळांमध्ये कवायतीला जी लाकडी डंबेल्स असायची, ती याच विचाराची. १८७६ मध्ये विंडशिप ऐन बेचाळिशीत गेले आणि जड वजनाबद्दलची लोकांची भीती बळावली. वजन उचललं की मुलांची वाढ खुंटते, ही समजूत अजूनही गावोगाव आहे. आजचं क्रीडावैद्यक तसं मानत नाही. जाणत्या माणसाच्या नजरेखाली, बेतानं केलेला वजनाचा व्यायाम मुलांना चालतो. मात्र वाढत्या हाडांच्या टोकाशी कूर्चेचा नाजूक पट्टा असतो, म्हणून जास्तीत जास्त किती उचलता येतं याची चढाओढ मुलांत लावू नये. माझ्या मते विंडशिपपेक्षा लुईस आपल्या कामाचे.

सॉफ्टबॉल आला त्यानंतर. १८८७ साली शिकागोतल्या एका नौका क्लबात, बॉक्सिंगचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला आणि छपराखाली हा खेळ सुरू झाला. आजच्या चेंडूचं वजन दोनशे ग्रॅमच्याही आत भरतं. पिचरचा हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरतो आणि चेंडू कमरेजवळून, खालून सुटतो. त्यातला जोर मुळात पायांतून, कमरेतून येतो. खांदा तो पुढं पोचवतो, आणि चेंडू सुटल्यावर वेगात असलेला हात आवरायचं कामही त्यालाच करावं लागतं. दंड फुगवणारं जड डंबेल इथं फारसं उपयोगी नाही.

म्हणून मी सांगतो, आधी बैठका आणि जोर. त्याला पैसा लागत नाही. मग खिडकीच्या गजाला बांधून ओढायचा रबरी पट्टा आणि मुद्गलाची हलकी जोडी, एकेक किलोच्या आतली. बारा-पंधरा वेळा फिरवून पाठ वाकली किंवा मनगट लटकलं, तर ती जोडी तिला जड आहे असं समजायचं. वजनाचा चेंडू या वयात नको. खांदा दुखला तर त्या दिवशी मुद्गलही नाही आणि पिचिंगही नाही; दुखणं राहिलंच तर डॉक्टरकडं.

जोडी कातून देणारा कारागीर जवळपास असेल तर दुकानाची पायरीही चढायला नको. बाभळीचं वाळलेलं लाकूड द्यावं; ओलं दिलं तर पुढं तडकतं. मूठ मुलीच्या पंज्याच्या मापानं करून घ्यावी, बापाच्या नव्हे. आणि घरी नेण्याआधी दोन्ही नग किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून पाहावेत. एक जड, एक हलका निघाला, तर जोडी परत कातायला द्यावी.